रिठदच्या शेततळ्यात लाइफ जॅकेट

छोटं विमान घेऊन समुद्रावरून जायचं ठरलं, तेव्हा मला पहिल्यांदा कबूल करावं लागलं : विमान चालवता येतं, पण खोल पाण्याची भीती वाटते. फ्लाइंग क्लबच्या सरांनी मुदत संपलेली दोन लाइफ जॅकेटं हातात दिली. "उडताना ही वापरायची नाहीत. कुठेतरी सराव कर." कुठेतरी म्हणजे कुठे? मामाच्या शेततळ्यात!

दिवाळीनंतर पुण्याहून ट्रॅव्हल्सने वाशीम गाठलं. तिथून रिसोडची एसटी पकडली की वाटेत रिठद. थांब्यावरची गरम भजी आणि तळलेली मिरची अजिबात सोडू नका.

मामाने आपली जीप हेच विमान ठरवलं. विमान पाण्यात बुडालंय असं समजून डोळ्यांवर ओढणी, कमरेला पट्टा. पट्टा सोडायचा, दार चाचपायचं, बाहेर यायचं आणि मगच जॅकेट फुगवायची दोरी ओढायची. घाईत मी आतच ओढली. फस्स! स्टिअरिंग आणि सीटच्या मध्ये मी गच्च.

"अवं बाई, आतच कायले फुगवलं?" मामा.

मामी हसत खालीच बसली. "पुरीवानी फुगली पोरगी!"

मीही हसले. पण पाण्याखाली असं झालं असतं, तर दारातून निघताच आलं नसतं.

मग शेततळं. त्याचा प्लॅस्टिकचा उतार फार निसरडा असतो, एकट्याने कधीच उतरू नका. मामाने माझ्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक शेजाऱ्यांसोबत धरलं. खोलात जाऊन मी दुसऱ्या जॅकेटची दोरी ओढली. काहीच नाही! आतलं गॅसचं नळकांडं रिकामं होतं. नाकातोंडात पाणी गेलं.

"ओढू काय वं तुले?" मामा ओरडला.

हो म्हणायचं होतं. तेवढ्यात खांद्याजवळ तोंडाने फुगवायची नळी हाताला लागली. मी हात वर करून त्याला थांबवलं. एक फुंकर, एक गटांगळी, पुन्हा फुंकर. हळूहळू हनुवटी पाण्यावर राहायला लागली.

"तरंगून राह्यली, तरंगून राह्यली!" मामीने काठावर टाळ्या पिटल्या.

पुण्यात आल्यावर नव्या जॅकेटची तारीख पाहिली, नळकांडं वजन करून तपासलं, नळी डोळे मिटून शोधली. शेजारी बसणाऱ्यालाही शोधायला लावली. मगच उडालो.

उतरल्यावर मामीचा फोन. "भेव लागलं काय वं?"

"लागलं ना, मामी. पण किनारा मागे पडल्यावर मी खाली पाहिलं. समुद्र काय सुंदर दिसतो गं!"