टोकाला फळ धरणारी वेल

एल्डन टॉर्गरसन रानात झाडांशी हुज्जत घालतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बत्तीस वर्षं दुधाचा टँकर हाकून निवृत्त झालेला हा माणूस, विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला वडिलांनी ठेवलेल्या बारा एकर रानात रोज सकाळी करवत घेऊन शिरे आणि जेवायच्या वेळी शत्रूच्या नव्या आघाड्यांच्या बातम्या घेऊन परते. सगळं रान उघडंबोडकं झाल्यावरही जो निर्लज्जासारखा हिरवा राहतो तो परदेशातून आलेला बकथॉर्न. देठ मोडला की दूध गाळतो तो नॉर्वेचा मेपल. हे पाढे त्याची बायको आर्डिस झोपेतही म्हणून दाखवू शकली असती.

"तुझे आजोबा तरी कुठले रे?" ती विचारायची. "तेही नॉर्वेहूनच आले आणि इथं मुळं धरून बसले."

"आजोबांनी कुणाचं ऊन खाल्लं नाही," एल्डन म्हणायचा.

पण त्याचं खरं वैर होतं ते परदेशी बिटरस्वीटशी. आपल्या मालकांगोणीच्या कुळातली ही वेल मेपलला असा विळखा घाली की झाड उभ्याउभ्या गुदमरून मरे. तिची एक गावठी बहीणही होती, गरीब स्वभावाची. तिची नारिंगी फळं फक्त फांदीच्या टोकाला लागत. परदेशीची पानोपानी, प्रत्येक बेचक्यात. एल्डनच्या रानात गावठी वेल एकच उरली होती, दगडांच्या ढिगाजवळ. कितीतरी वर्षांनी यंदा ती फळांनी लवली होती. पक्ष्यांनी ते बी रानभर नेलं तर गावठी वेल परतणार होती. एवढ्या एका आशेवर एल्डनचा ऑक्टोबर चालला होता.

परदेशी वेल मात्र अकरा वर्षं उपटूनही हटत नव्हती. ती येते कुठून, हे त्याला यंदाच्या वसंतात कळलं. शेजारच्या मार्लिस क्वामच्या खोपटामागे तारेची जुनी कडी पडली होती, आणि एकेका कड्यातून पंधरा-पंधरा रोपं वर आली होती. चर्चच्या शरदातल्या विक्रीसाठी बायका सडकेकडेची ही वेल तोडून, तारेच्या कड्यावर गुंडाळून, दारावर लावायची गोल तोरणं वळत. नाताळ आला की प्रत्येक घर आपलं तोरण खोपटामागे भिरकावी. पुढचं काम पक्षी करत.

एका रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफी आणि भोपळ्याच्या वड्या चालू असताना, एल्डन दोन फांद्या घेऊन उभा राहिला.

"पानोपानी फळ असेल ती जाळा," तो म्हणाला. "फक्त टोकाला असेल ती आपली."

"म्हणजे अकरा वर्षं मी दारावर चोर टांगला म्हणायचा," मार्लिस म्हणाली. "हं. वेगळंच आहे."

गावात एखादी गोष्ट पटली नाही की 'वेगळंच आहे' म्हणतात आणि वडीला हात घालतात. एल्डनला वाटलं, गेलं भाषण पाण्यात.

पण ते पाण्यात गेलं नव्हतं, हीच तर पंचाईत झाली. शनिवारी तो करवतीला धार लावून घरी आला, तर स्वयंपाकघरात मार्लिस बसलेली आणि टेबलावर नारिंगी फळांचं भलंमोठं तोरण.

"खास तुझ्यासाठी," ती म्हणाली. "एकेक फांदी तपासून घेतली. पानोपानीचं एकही फळ सापडलं तर नाव बदलीन."

एल्डनने पाहिलं. सगळी फळं टोकाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचा शब्दन् शब्द ऐकला होता.

"कुठून आणलंत?"

"दगडांच्या ढिगाजवळून. वाट आर्डिसने दाखवली."

एल्डनचा चेहरा विरजणाला ठेवलेल्या दुधासारखा थिजला. त्याने टोपी काढली, परत घातली. दारी आलेल्या शेजारणीला टोचून बोलायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती.

"वेगळंच आहे," तो म्हणाला.

मार्लिसला त्यातली मेख कळलीच नाही; ती खुशीत गेली. तो तसाच रानात गेला. वेल गुडघ्याएवढी उरली होती. मुळातून फुटेल, पण पुन्हा फळ धरायला कोण जाणे किती वर्षं लागणार. एल्डन आता बहात्तर वर्षांचा होता.

"तोडू नका, एवढंच म्हणायचं होतंस," आर्डिस मागून आली होती. तिचा आवाज उतरला होता. "मला वाटलं, तू खूश होशील."

"माझी वेल आहे म्हटल्यावर ती तोडू नये, हेही सांगायला लागतं?"

"तुला तोरणं ओळखायला अकरा वर्षं लागली. आम्हाला एक आठवडाच मिळाला."

त्याने घरी जाऊन ते तोरण उचललं आणि परत येऊन दगडांच्या ढिगावर, उंचावर, फळं वर करून ठेवलं. गावात तोरण रानात फेकणाऱ्यांना शिव्या देत हिंडलेला माणूस स्वतःच तोरण फेकत होता.

"मार्लिसने विचारलं तर?"

"सांग, पक्ष्यांनी नेलं."

दुसऱ्या दिवशी दोघं कॉफी घेऊन, दगडांचा ढीग दिसेल अशा खिडकीशी बसले. नऊ वाजेपर्यंत एकही पक्षी फिरकला नाही. मग एक जाडजूड खार आली, तोरणावर ऐसपैस बसली आणि फळं खाऊ लागली. एल्डनने खिडकी उघडून तिच्याशी हुज्जत सुरू केली.

"असू दे रे," आर्डिस म्हणाली. "तीही बी नेतेच की. आणि ती तरी गावठी आहे ना?"

एल्डनने चष्मा पुसून नीट पाहिलं. होती.

"हावरट आहे," तो म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली.