मागाखाली झोपणारं कुत्रं

आमच्या कुत्र्याचा डावा कान अर्धा बिबट्यानं खाल्ला होता. भवानी पेठेतल्या चहाच्या गाड्यावर मी हे इतक्यांदा सांगितलंय, की जुनी गिऱ्हाईकं बशीत चहा ओतता ओतता पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकतात. बिबट्या दर खेपेला वीतभर वाढत गेला. शेवटी तो दारातनं आत मावेना, तेव्हा मी त्याला पत्रा फोडून वरनं उतरवायला लागलो. बायको एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "मंगळवेढ्याहून एसटीनं आला असंल तो. परतीचं तिकीट तुम्हीच काढून दिलं की काय?"

बिबट्या सोडला तर बाकीचं सगळं खरं. हे कुत्रं आमच्या टॉवेलच्या कारखान्यात लहानाचं मोठं झालं. कारखाना म्हणजे काय, तर घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आणि आत सहा माग. त्याची आई त्याला चिंध्यांच्या पोत्यात ठेवून गेली ती गेलीच. डोळे उघडले तेव्हा त्याच्या कानावर होती ती मागांची खटखट. नवा माणूस त्या आवाजात कानात बोटं घालायचा, हे मागाखाली पाय पसरून घोरायचं. लाईट गेली, माग थांबले, की कामगार आडवे व्हायचे आणि हे उठून बसायचं. एकेका मागापाशी जाऊन हुंगायचं, आजाऱ्याची चौकशी करावी तसं. लाईट आली की पुन्हा धाडकन आडवं.

गेल्या साली माग विकले. माझे गुडघे गेले, कामगार मिळेनात, टॉवेलला उठाव राहिला नाही. यातलं आधी काय झालं ते मला आता सांगता येत नाही. भंगारवाल्यांनी माग खोलून ट्रकमध्ये भरले आणि कुत्रं ट्रकमागं धावलं. गाड्यावर मी सांगितलं, की त्यानं दोन टायर फाडले आणि ड्रायव्हर हात जोडून खाली उतरला. घडलं ते एवढंच, की ते कोपऱ्यापर्यंत धावलं, वळलं आणि परत आलं नाही. मी दारात उभा राहून धूळ खाली बसायची वाट बघत होतो.

त्यानंतर घर इतकं गप्प झालं, की पलीकडच्या गल्लीत कुणी कांदा चिरला तरी आम्हाला ऐकू यायचं. आम्ही नवरा-बायको जन्मभर मागांच्या वरताण ओरडून बोललो. ती सवय जाईना. मी "मीठ दे" म्हटलं तरी शेजारीण धावत यायची, भांडण लागलं म्हणून. कुत्र्याला मी गल्लीबोळातनं हुडकलं. बायको रोज पहिली भाकरी जाड थापायची, ती त्याची. संध्याकाळी ती गाईला घालायची आणि सकाळी पुन्हा जाडच थापायची. सापडलं का, असं तिनं कधी विचारलं नाही. मी घरात शिरलो की फक्त माझ्या पायांमागं बघायची.

मग एक दिवस शेजारणीनं मोबाईल पुढं केला. कुणीतरी फोटो फिरवला होता, हे कुत्रं कुणाचं म्हणून. अर्धा कान, अंगभर कापसाचे तंतू. खाली अक्कलकोट रोडकडच्या एका मागाच्या कारखान्याचा पत्ता.

कारखाना तेलुगू विणकराचा, माणूस माझ्याच वयाचा. आत पाऊल टाकलं आणि त्या खटखटीनं माझी छाती भरून आली. बोलायचं तर ओरडूनच. माझा आवाज लई दिवसांनी जागेवर बसला.

"तुमचंय कशावरनं?" त्यानं विचारलं. "कालच एक जण येऊन गेला, माझंय म्हणून."

"कान बघा की. बिबट्यानं खाल्लाय."

"कुठं?"

"भवानी पेठेत."

तो हसला नाही. "बिबट्याचं मला ठाऊक नाही. पण मागाचा पट्टा फिरत असला की हे लांबनं वळसा घालून जातंय. लहानपणी पट्ट्यात गावलं होतं का?"

बिबट्याला मी तिथंच सोडून दिलं. "व्हय," म्हटलं, "पट्ट्यातच."

"मग तुमचंच." तो म्हणाला, "एका दुपारी आपलं आपणच आलं. सगळ्या मागांखाली वाकून बघितलं, कुणाला तरी हुडकावं तसं. मग कडेच्या मागाखाली झोपलं ते दुसऱ्या दिवशीच उठलं." आणि त्यानं तेलुगूत हाक मारली, "इक्कड रा."

कुत्रं बाहेर आलं. मला बघितलं आणि अशी उडी घेतली, की पाठीला भिंत नसती तर मी थेट अक्कलकोटात पडलो असतो. तोंड चाटता चाटता ते रडलं. मागांच्या आवाजातही ऐकू आलं ते. विणकर वळून एका मागावर तुटलेला धागा जोडायला लागला. धागा तुटलेला नव्हता.

घरी आल्यावर कुत्र्यानं जाड भाकरी खाल्ली, मग आमच्यातलीही खाल्ली. बायको दिवसभर त्याच्याशी बोलत होती. पण ते झोपेना. रिकाम्या शेडमध्ये फरशीवर मागांच्या पायांचे डाग राहिलेत, तिथं जाऊन एकेक डाग हुंगायचं. बसल्या बसल्या मान खाली जायची आणि दचकून वर यायची. आठवडा असाच गेला. फासळ्या दिसायला लागल्या, तोंडात भाकरी धरून ते नुसतं उभं राहायचं.

मी पत्र्याचा डबा बडवला. डोळे मिटले त्याचे, पण मी दम खायला थांबलो की उघडे. मग शेजारणीकडनं मोबाईलवर मागांचा आवाज लावून घेतला. कुत्रं आलं, मोबाईल हुंगला, त्याच्या मागं काय आहे ते बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. गाड्यावरच्या कुणीही माझी थाप अशी पकडली नव्हती.

"नेऊन सोडा त्याला," बायको म्हणाली. हळू आवाजात. तिचा हळू आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"तू पण चल."

"मी आले तर परत घेऊन येईन."

विणकरानं मला आणि कुत्र्याला दारात बघितलं आणि तो बाजूला सरकला. कुत्रं कडेच्या मागाखाली गेलं, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि पडलं. डोळे मिटताना बघायलाही मिळालं नाही, इतक्या लवकर झोपलं.

"बसा की," विणकर म्हणाला. "चहा सांगतो."

मी गठ्ठ्यावर टेकलो. जाग आली तेव्हा चहावर साय धरली होती आणि माझ्या डोक्याखाली कुणीतरी टॉवेलची घडी सरकवली होती.

"तुम्हालाही झोप नव्हती वाटतं," तो म्हणाला.

"बिबट्या झोपू देत नाही," मी म्हटलं. या खेपेला तो हसला.

कुत्रं अजून झोपेतच होतं. पुढचा पाय मधनंच हलत होता, कुणाच्या तरी मागं धावावं तसा. हाक मारली असती तर ते उठलं असतं, आणि मग मला एकट्याला तिथनं निघता आलं नसतं. मी हाक मारली नाही.

गाड्यावर मी सांगितलं, की कुत्र्याला मुकादमाची नोकरी लागली. हाताखाली तीस विणकर, डुलकी काढली तर सगळ्यांना झापतं.

"सुट्टीला घरी येतंय का?" कुणीतरी विचारलं.

"येतंय की," मी म्हटलं आणि चहा अर्धा ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं पहिली भाकरी थापली, जाड. तव्यावर टाकल्यावर तिच्या ध्यानात आलं. दोघंही त्या भाकरीकडं बघत राहिलो. ती फुगली, भाजून झाली.

"कुणाला घालू आता ही?" बायको ओरडली.

"आण इकडं," मीही ओरडलो.

शेजारीण धावत आली. दारात थांबली. आम्ही एका ताटाशी बसून ती भाकरी मोडत होतो. ती माघारी गेली.