टॉरी उतारावरची मोजणी

डेन्झिल एंडाकॉटनं डार्टमूरच्या माळरानाच्या कडेच्या आमच्या खोऱ्यात छत्तीस वर्षं टपाल वाटलं आणि एकोणतीस उन्हाळे फुलपाखरं मोजली. टपालात त्याच्या हातून चूक झाल्याचं कुणाला आठवत नाही. मोजणीत तर तो नाकावर माशी बसू द्यायचा नाही. पबमध्ये कुणी खुशीत सांगायला लागलं, की आज मला एक हाय ब्राउन फुलपाखरू दिसलं, तर डेन्झिल ग्लास खाली न ठेवता विचारायचा, "खालून बघितलंस?" समोरचा जरा चाचरला की संपलं. तो पुन्हा आपल्या बिअरकडे वळायचा. एका निवृत्त कर्नलसाहेबांनी मोठ्या हौसेनं पाठवलेली यादी त्यानं तीनदा परत केली होती. तिसऱ्यांदा तर तिकिटाचे पैसेही कर्नलसाहेबांकडूनच वसूल केले.

त्याचं म्हणणं रास्त होतं. आमच्याकडे जुलैत दोन मोठी केशरी फुलपाखरं उडतात, दोन्हींच्या पंखांवर काळे ठिपके. एकाच उतारावर, एकाच काटेरी थिसलच्या फुलावर बसतात. उडताना त्यांच्यातला फरक ब्रह्मदेवालाही कळणार नाही. फूल मिळालं, पंख मिटले, की मग वाकून खालची बाजू बघायची. हिरवट झाक आणि चंदेरी ठिपके असले तर ते डार्क ग्रीन. चंदेरी ठिपक्यांच्या पलीकडे लालसर कडीच्या बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसली तर हाय ब्राउन. बस, एवढाच फरक. पण डार्क ग्रीन कुठंही सापडतं, आणि हाय ब्राउन अख्ख्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या जागी उरलंय. त्यातल्या दोन जागा आमच्या. एक टॉरी उतार आणि दुसरी पलीकडच्या खोऱ्यातली स्टोनी क्लीव्ह.

आता जे सांगायचं ते गावात त्याची बायको बेरिल सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. डेन्झिलला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसायचा नाही. जन्मापासूनच. पोरवयात तो ब्लॅकबेरी तोडायला गेला की अर्धी टोपली कच्ची लाल फळं घेऊन यायचा आणि आईचा मार खायचा. हालचाल मात्र त्याच्याइतकी कुणाला टिपता यायची नाही. चाळीस पावलांवर नेच्याच्या रानात पान हललं तर ते वाऱ्यानं की पंखानं, हे तो चालता चालता सांगायचा. म्हणून दर सोमवारी अकराला, ऊन असलं की, दोघं निघायची. ठरलेली पायवाट, ठरलेली चाल, दोन्ही बाजूंना काही पावलांत जे दिसेल तेवढंच धरायचं. पुढं डेन्झिल, मागं वही घेऊन बेरिल.

"मोठं. डावीकडे, थिसलवर," डेन्झिल म्हणायचा.

बेरिल गुडघ्यांवर हात ठेवून वाकायची. "लाल आहेत."

"नक्की? किती?"

"अरे, आहेत म्हटलं ना. मोजत बसायला ते काय मटार आहेत?"

मग तो तक्त्यात हाय ब्राउनच्या रकान्यात रेघ ओढायचा. तक्त्यावर मोजणी करणाऱ्याच्या नावाला एकच जागा होती, आणि तिथं चोवीस वर्षं डेन्झिल एंडाकॉट हेच नाव लागलं. बेरिलला त्याचं काही वाटलं नसावं. डेन्झिलला वाटायला हवं होतं, असं माझं मत आहे.

बेरिल फेब्रुवारीत गेली. पाचच दिवस छातीत कफ, आणि संपलं. जुलैच्या पहिल्या सोमवारी डेन्झिल एकटा टॉरीवर गेला. पहिलं मोठं फुलपाखरू बसलं, त्यानं सवयीनं "थिसलवर" म्हटलं, आणि मग मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. तो स्वतः गुडघ्यावर बसला. फुलपाखरू वीतभर अंतरावर होतं, पंख मिटलेले, आणि खालची सगळी बाजू त्याला एकाच मातकट रंगाची दिसत होती. ते उडून गेलं तरी तो बसून राहिला.

अशा वेळी काय करायचं हे त्याच्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं? ओळख पटली नाही तर 'दोहोंपैकी एक' असा वेगळा रकाना असतो. त्या दिवशी त्यानं त्यात प्रामाणिकपणे सात लिहिले. पुढच्या सोमवारी नऊ. मग कौंटीतल्या, म्हणजे जिल्हाभरच्या फुलपाखरांच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉर्ना प्राउसचा फोन आला.

"डेन्झिल, तब्येत बरी आहे ना तुमची? एकाही हाय ब्राउनचं नाव नाही? टॉरीचे आकडे आले की मगच आम्ही बाकीच्यांचे बघतो, माहितीये ना तुम्हाला."

"वारा होता," डेन्झिल म्हणाला. "बसतच नव्हती."

खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. ज्यानं आयुष्यभर लोकांना 'खालून बघितलंस?' म्हणून गप्प केलं, त्यानं आता म्हणायचं, की मी स्वतः कधीच बघितलं नाही? शिवाय सांगितलं असतं तर उतार दुसऱ्या कुणाला दिला असता. सोमवारची ती पायवाट सोडली तर बेरिलचं त्याच्याकडे दुसरं काय उरलं होतं? तिचे कपडे तिची बहीण घेऊन गेली होती.

त्यानं बेरिलच्या वह्या काढल्या. दहा वर्षांची बेरीज मांडली. दहा मोठी दिसली की त्यांतली चार हाय ब्राउन, वर्ष चांगलं असो की वाईट. आणि तिसऱ्या सोमवारी दहा दिसली तेव्हा त्यानं तक्त्यात चार आणि सहा लिहिली. हे खोटं नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. हा बेरिलचाच हिशोब आहे, मी फक्त पुढं चालवतोय. मोजणीत मुरलेल्या माणसालाच अशी चूक सुचते. अडाण्यानं सरळ शून्य लिहिलं असतं.

त्याच वर्षी शरदात टॉरीवरची तट्टं काढली. ती रेज हॅनाफर्डची. रेज म्हणजे डेन्झिलचा शाळेतला जोडीदार, दोघं एका बाकावर बसलेले. रेजची अकरा तट्टं हिवाळाभर त्या उतारावर असायची, वाळलेला नेचा तुडवायची. नेचा तुडवला की जमिनीवर ऊन पडतं, व्हायोलेटची रोपं वर येतात, आणि हाय ब्राउनच्या अळ्या तेवढंच खातात. पण त्या उन्हाळ्यात डेन्झिलच्या तक्त्यात हाय ब्राउन कमी भरली होती, त्यावरून उताराची देखभाल करणाऱ्या समितीत एकानं शंका काढली, की तट्टांच्या खुरांखाली अळ्याच चिरडत असतील. पाच वर्षं तट्टं बंद ठेवू, काय होतं बघू. रेजकडे हिवाळ्यात जनावरं ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्यानं अकराच्या अकरा बाजारात विकली. त्यानंतर तो पबमध्ये समितीला शिव्या द्यायचा आणि डेन्झिल मूग गिळून ऐकायचा.

तट्टं गेली आणि गवत कमरेला आलं. डार्क ग्रीनला ते मानवलं. मोठी फुलपाखरं वाढली, आणि दहातली चार म्हणता म्हणता डेन्झिलच्या तक्त्यात हाय ब्राउनही वाढली. वर्षाची बेरीज चौदा, मग सतरा, मग बावीस, मग एकतीस. समितीला आपल्या शहाणपणाची खात्री पटली. आणि या आकड्यांच्या जोरावर ठरलं, की येत्या ऑक्टोबरपासून स्टोनी क्लीव्हवरचीही तट्टं काढायची.

पाचव्या वर्षी जुलैत लॉर्ना जाळं घेऊन आली. टॉरीची ही भरभराट तिला लिहून काढायची होती. दिवस छान होता. डेन्झिलनं चीज आणि लोणच्याचे सँडविच आणले होते, थर्मासमध्ये चहा. लॉर्नानं पहिलं फुलपाखरू पकडलं, काचेच्या डबीत धरलं. "डार्क ग्रीन," म्हणाली आणि सोडून दिलं. दुसरं. "हेही डार्क ग्रीन." दुपारपर्यंत तिनं तेवीस पकडली.

"एकही नाही, डेन्झिल."

डेन्झिल डबीकडे बघत राहिला. मग ती नेच्याच्या रानात शिरली आणि हातानं वाळलेल्या नेच्याचा कचरा बाजूला सारायला लागली. कोपरापर्यंत हात आत गेला तरी जमीन लागेना. व्हायोलेटचं एक पान नव्हतं.

"मे महिना थंड गेला यंदा," ती शेवटी हात झटकत म्हणाली. "एक वर्ष वाईट जातं कधी कधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मागच्या चार वर्षांचे आकडे आहेत ना आपल्याकडे."

बिचारीनं त्याला वाट मोकळी करून दिली होती. त्यानं फक्त मान हलवायची होती, आणि त्यानं हलवली. दोघांनी सँडविच खाल्ले.

पण त्या दिवसापासून डेन्झिलचं अन्नावरचं मन उडालं. टॉरीवरची हाय ब्राउन गेली ती गेलीच, ती आता परत येणार नव्हती. स्टोनी क्लीव्हवरची मात्र अजून जिवंत होती. तिथली तट्टं गेली तर पाच वर्षांत तिथंही कोपरभर कचरा साठणार, आणि हे सगळं डेन्झिलच्या आकड्यांवर. ऑगस्टभर तो रोज लॉर्नाचा नंबर काढायचा आणि फोन परत ठेवायचा. एकदा लावलाही, आणि तिनं उचलल्यावर हवेबद्दल बोलला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी गावाच्या हॉलमध्ये समितीची बैठक होती. चौदा माणसं, चहा, बिस्किटं. रेज मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. लॉर्ना स्टोनी क्लीव्हचा ठराव वाचायला लागली आणि टॉरीच्या आकड्यांपाशी आली तेव्हा डेन्झिल उभा राहिला.

"ते आकडे खोटे आहेत," तो म्हणाला.

"खोटे म्हणजे?"

"मला लाल रंग दिसत नाही. कधीच दिसला नाही. बघायची ती बेरिल. ती गेल्यावर मी एकही हाय ब्राउन ओळखलेलं नाही. दहातली चार म्हणून अंदाजानं लिहीत गेलो. स्टोनी क्लीव्हवरची तट्टं काढू नका."

समितीचे अध्यक्ष म्हणाले, की हे सांगायला धैर्य लागतं. त्यापेक्षा त्यांनी कानाखाली मारली असती तर डेन्झिलला बरं वाटलं असतं. ठराव मागं घेतला, हात वर झाले, स्टोनी क्लीव्हवरची तट्टं राहिली.

रेज उठला आणि पुढं आला. आवाज चढवला नाही.

"चार वर्षं माझ्या शेजारी बसून माझ्या बिअरचे पैसे देत होतास. मला वाटायचं, बायको गेल्यापासून हात सैल झालाय."

"रेज—"

"ती काळी घोडी होती ना माझी, तिच्या पाठीवर माझ्या पोरी वाढल्या. कुणी घेतली, कुठं नेली, मला माहीत नाही. तू एक शब्द बोलला असतास तर ती टॉरीवर असती." त्यानं टोपी घातली. "माझ्याशी बोलायला येऊ नकोस, डेन्झिल."

तो गेला. बाकीचेही कपबशा ठेवून एकेक करून गेले. कुणी डेन्झिलच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी नजर चुकवली. लॉर्ना मात्र टेबलाशी थांबली. तिच्यापुढं टॉरी उताराचा कागद होता, आणि त्यावर आता एक गोष्ट भरायची होती: हाय ब्राउन इथं शेवटचं कधी दिसलं आणि कुणाला.

"मला तारीख लागेल," ती म्हणाली. "तुम्हाला खात्री असलेली."

"बेरिल गेली त्याच्या आधीचा जुलै. बावीस तारीख. तीन होती. तिसऱ्यासाठी ती ओढ्यात उतरली होती, बूट भिजले होते तिचे."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर असणारच की," डेन्झिल म्हणाला. "एका दिवसात थोडीच संपतात. एक वर्ष, दोन वर्षं असतील. मी दर सोमवारी त्यांच्या शेजारून गेलो. सगळ्यात शेवटचं जे होतं ते माझ्या बुटापाशी बसलं असेल, आणि मी त्याला दुसरंच समजून लिहिलं असेल. ते कधी गेलं हे आता कुणालाच कळायचं नाही, लॉर्ना."

त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. लॉर्नानं तो थांबेपर्यंत वाट बघितली. मग तारीख लिहिली, आणि कुणाला दिसलं त्यापुढं बेरिल एंडाकॉट. खाली पाच उन्हाळ्यांचे आकडे होते. त्यांवर रेघ मारायला तिनं पट्टी ठेवली, पण जुना कागद सरकत होता. तेव्हा डेन्झिलनं पुढं होऊन कागदाची कड धरली आणि तिची पाचवी रेघ होईपर्यंत धरून ठेवली.