दीड आटा

मेस्त्रीला गाडी चालवता येत नव्हती. तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाबद्दल हे ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसून घ्या. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं, निदान त्याला तरी तसं वाटायचं, आणि जिला माहीत होतं ती बाई पोट धरधरून हसून केव्हाच निघून गेली होती.

गॅरेजच्या फाटकापर्यंत गाडी मागेपुढे करणं त्याला जमायचं. पण रस्ता म्हटला की तो किल्ली दुसऱ्याच्या हातात देई. तरुणपणी परवान्याच्या परीक्षेत तो तीनदा आपटला होता, तिसऱ्या वेळी तर साहेबांच्या स्वतःच्या स्कूटरवरच. त्यानंतर त्याने एक युक्ती काढली. गाडी दुरुस्त झाली आणि चक्कर मारून बघायची वेळ आली की तो गिऱ्हाइकाला म्हणे, "तुम्ही चालवा. मी शेजारी बसून ऐकतो." मग डोळे मिटून, मान जराशी कलती करून बसे आणि कोपरा यायच्या आत सांगे की मागच्या चाकाचं बेअरिंग कुरकुरतंय. ते बहुतेक वेळा खरंच कुरकुरत असे. लोक म्हणायचे, बाकीचे मेस्त्री आपले गाडी पिटाळत सुटतात, आणि हा बघा, नुसता ऐकतो! काय कान आहे! असं त्याचं पितळ तीस वर्षांत उघडं पडलं नाही, उलट त्याचाच बोलबाला झाला.

आता गंमत अशी की त्याची बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर ती बसे, आणि तिथे तिच्या पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक बसवलेला असे, म्हणून सगळे तिला ब्रेकबाई म्हणत. सायीच्या रंगाची एक छोटी गाडी होती तिच्याकडे. त्या गाडीत तिने दुकानदार शिकवले, मास्तर शिकवले, एका सासूला आणि तिच्या सुनेला एकाच आठवड्यात शिकवलं आणि दोघींना एकमेकींचा पत्ता लागू दिला नाही.

शिकणाऱ्यांची एकच खोड असते. क्लच धाडकन सोडतात, गाडी आचका देते आणि बंद पडते. मागचे हॉर्न वाजवतात, शिकणाऱ्याला रडू फुटतं. एके दिवशी ब्रेकबाई गाडी घेऊन गॅरेजात आली आणि म्हणाली, "अहो, हिची आयडलिंग जरा वाढवून द्या." गाडी जागच्या जागी उभी असताना इंजिन ज्या वेगाने फिरतं, ती आयडलिंग. ती जास्त ठेवली की क्लच चुकला तरी इंजिन सहज मरत नाही.

"पुस्तकात लिहिलीय तेवढीच आहे ती," मेस्त्री म्हणाला. "वाढवली तर पेट्रोल खाईल, धूर ओकेल, आणि आवाज तर विचारूच नकोस."

"मला पुस्तकाला शिकवायचं नाहीये. माणसांना शिकवायचंय."

मेस्त्रीने तोंड वाकडं केलं आणि कार्बोरेटरचा छोटा स्क्रू दीड आटा आत फिरवला. इंजिन लगेच चढ्या आवाजात गुरगुरायला लागलं. त्याला त्या आवाजाची मनस्वी लाज वाटे. लोक ज्याच्या कानाचं कौतुक करतात त्याच्या घरची गाडी अशी! पण रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो आवाज कोपऱ्यावर वळला की इतर कुणाला काही ऐकू यायच्या आत हा हातातला पाना खाली ठेवायचा आणि नळावर हात धुवायला उठायचा. संध्याकाळचा चहा ठेवणं हे त्याचं काम होतं. ती दारात येईपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असे.

"सगळी दुनिया शिकवली, तुम्हीच तेवढे राहिलात," ती म्हणायची.

"बायकोकडून ओरडा खायला घर कमी पडतं का?" हा म्हणायचा.

वीस वर्षं हाच संवाद झाला. मग एकदा काय मनात आलं कोण जाणे, चहा पिता पिता तो म्हणाला, "येत्या रविवारी बघू." ती इतकी खूश झाली की कप हातातच राहिला. त्या रविवारी तिची पाठ दुखत होती. पुढच्या रविवारी ती दवाखान्यात होती. त्यानंतर पाच रविवार तिथेच गेले, आणि मग ती गेली.

दारात उभी असलेली गाडी त्याला बघवेना. महिन्याभरात त्याने ती ब्रेकबाईच्या शेवटच्या विद्यार्थिनीला विकून टाकली. ही मुलगी लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स होती, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. मेस्त्रीने जादा क्लच-ब्रेक काढले, पायाखालच्या फळीला पडलेल्या भोकांवर पत्र्याचा तुकडा जोडला आणि किल्ली दिली. स्क्रूला मात्र हात लावला नाही. त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत संध्याकाळचे सहा वाजले की त्याचं कामात लक्ष लागत नसे. तिची आठवण यायची असं म्हणणं चुकीचं होईल, आठवण जायचीच नाही. सहा वाजता तो फक्त वाट बघायचा, आणि आपण वाट बघतोय हे कळलं की स्वतःवरच चिडायचा.

मग सरकारची योजना आली. जुनी, धूर ओकणारी गाडी मोडीत द्या आणि बॅटरीवरची नवी घ्या, किमतीतला मोठा वाटा सरकार उचलेल. लोकांनी लगेच डोकं चालवलं. कोंबड्या ज्यांत अंडी घालत होत्या असले सांगाडेही दोरी बांधून मोडकेंद्रात ओढत आणले. मग मोडकेंद्राने अट घातली की जुनी गाडी स्वतःच्या इंजिनावर आवारातली पांढरी रेघ ओलांडून आली पाहिजे. ओढत आणली, ढकलत आणली, तर अर्ज बाद. शेवटची मुदत महिनाअखेर.

मेस्त्रीकडे रीघ लागली. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झोपलेल्या गाड्या उठवायच्या, त्यांना एका फेरीपुरता जीव द्यायचा, आणि मोडायला पाठवायचं. योजनेवर त्याचा राग नव्हता. हवेत काय चाललंय ते त्याच्या छातीलाही कळत होतं. पण रोज संध्याकाळी हात धुताना त्याला वाटे, आपण तीस वर्षं गाड्या जगवल्या आणि शेवटी हे काम वाट्याला आलं.

मुदतीला पाच दिवस उरले असताना नर्सने एका टेम्पोमागे दोरीने बांधून सायीच्या रंगाची गाडी आणली.

"काका, सहा महिने बंद आहे. रेघेपर्यंत जाईल एवढी करून द्या. दोन बस बदलून दवाखान्यात जाते मी. नवी गाडी नोंदवलीय, पण ही सवलत गेली तर नवी विसरायचीच."

"होईल," मेस्त्री म्हणाला. त्याने बॉनेट उघडलं.

पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा फाटला होता, एवढंच. तासाभरात त्याने नवा घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि मग त्या चढ्या आवाजात गुरगुरायला लागलं. मेस्त्रीने पाना खाली ठेवला, नळावर गेला, कोपरापर्यंत हात धुतले, आणि चहाचं भांडं कुठे आहे ते शोधायला लागला. भांडं हातात घेतल्यावर त्याला कळलं आपण काय करतोय ते. आठ वर्षांत नर्सकडेही कुणी स्क्रूला हात लावला नव्हता.

तो परत आला. ओल्या हातानेच स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्क्रू दीड आटा बाहेर फिरवला. इंजिन शांत झालं, पुस्तकात लिहिलंय तसं. पुन्हा असं फसायचं नाही, त्याने ठरवलं.

पण गाडी परत द्यायला मन होईना. नर्सचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "पार्ट यायचाय." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पार्ट वाटेत आहे." दुपारी गॅरेजात कुणी नसलं की तो शेजारच्या सीटवर, ब्रेकबाईच्या जागेवर, जाऊन बसे आणि पत्र्याच्या तुकड्यावर पाय ठेवी. गाडी चालली नाही तरी चालेल, नुसती इथे असू दे, असं त्याला वाटायचं. आपण एका कष्टाळू पोरीला लटकावून ठेवलंय हेही त्याला कळत होतं, आणि तरी तो बसून राहायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला नर्स स्वतःच आली. तिने चकचकीत पुसलेलं बॉनेट पाहिलं, शेजारच्या सीटवर घडी करून ठेवलेला मेस्त्रीचा पंचा पाहिला.

"गाडी चालू होते ना, काका?"

"होते."

"कधीपासून?"

"तू आणलीस त्या दिवसापासून."

ती भडकलीच. "चार दिवस! चार दिवस मी बसमध्ये उभी राहून जातेय! आज संध्याकाळी पाचला मुदत संपते, ठाऊक आहे ना तुम्हाला? माझ्या वॉर्डात पोरं येतात छातीची घरघर घेऊन. त्यांच्याकडे बघून मी ठरवलं की आता धुराची गाडी नको. आणि तुम्ही..." ती थांबली, कारण मेस्त्री मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या हातातला फडका नुसताच पिळला जात होता.

"चुकलं माझं, पोरी," तो म्हणाला. "घेऊन जा. तिच्या वस्तूंपैकी आवाज करणारी ही एकच राहिलीय गं."

नर्सने सीटवरचा पंचा उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "तुम्ही चालवा. बाईंची गाडी आहे, तुम्हीच न्या शेवटची."

"मला..." मेस्त्रीने इकडेतिकडे बघितलं. "मला गाडी येत नाही."

"मला माहितीय. बाई सांगायच्या, आमच्या घरी एक विद्यार्थी आहे, नाव घातलंय पण वर्गात यायचं काही नाव नाही." आणि मग हळू आवाजात, "मी सुटी झाली की भेटायला जायचे ना त्यांना. शेवटी शेवटी एकदा म्हणाल्या, त्यांचा रविवार राहिला बघ."

मेस्त्री पाठ वळवून हत्यारांच्या फळीकडे गेला आणि तिथे उगाचच पाने लावत उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि त्याने ते लपवले नाहीत.

मोडकेंद्रापर्यंत नर्सने चालवली. आवार मैदानाएवढं होतं आणि पार टोकाला पांढरी रेघ. फाटकाच्या आत येताच तिने गाडी थांबवली, उतरली आणि दार धरून उभी राहिली. "या इकडे. रविवार आहे असं समजा."

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. ती शेजारी बसली आणि ब्रेकबाईच्या ठसक्यात म्हणाली, "क्लच कसा सोडायचा? झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतो तसा."

त्याने हात काढला तो धाडकन. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. रेघेपाशी वही घेऊन उभा असलेला तपासनीस ओरडला, "अहो, चालत नसेल तर परत न्या! साडेचार झालेत!"

"काका, उतरा. मी नेते," नर्स म्हणाली. आता तिचाही धीर सुटत चालला होता.

मेस्त्री उतरणार होता. एक पाय बाहेरही टाकला. मग किल्ली फिरवून त्याने, सवयीप्रमाणे, डोळे मिटले आणि ऐकलं. इंजिन मंद, शहाण्यासारखं, पुस्तकाप्रमाणे फिरत होतं. मी शिकणाऱ्याची गाडी जाणत्याची करून ठेवली, त्याच्या लक्षात आलं. घाबरटांना सांभाळून घ्यायला तिने ती तशी करून घेतली होती, आणि आज घाबरट तो स्वतः होता.

"एक मिनिट," तो म्हणाला. बॉनेट उघडलं, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्क्रू दीड आटा आत फिरवला.

आवाज आला. आठ वर्षांपूर्वी कोपऱ्यावर वळायचा तोच.

"केवढा धूर सोडतेय ही!" तपासनीस लांबूनच म्हणाला.

"म्हणून तर आणलीय!" नर्स ओरडली.

मेस्त्रीने पुन्हा क्लच सोडला. तो काही फार हळू सोडला नाही, पण गाडी एकदा थरथरली आणि मेली नाही. पुढे निघाली. चालायच्या वेगाने, नाक जरा तिरकं करून, ती मैदान कापत गेली. मेस्त्रीचं तोंड उघडं होतं. नर्स म्हणत होती, "सरळ, सरळ बघा, रेघेकडे बघू नका." पुढची चाकं रेघेवरून गेली, मग मागची.

"झालं. बंद करा," तपासनीस म्हणाला आणि वहीत खूण केली.

मेस्त्री हलला नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून तो बसून राहिला. तपासनीस पुन्हा काही म्हणणार होता, पण नर्सने त्याला हातानेच थांबवलं. इंजिन गुरगुरत होतं. मग मेस्त्रीने स्वतःच किल्ली उलटी फिरवली.

तो खाली उतरला आणि आपल्या काळ्या हातांकडे बघत राहिला.

"इथे हात धुवायला नळ कुठे आहे?" त्याने विचारलं.