बायजाच्या तापाचं नाव

अर्नाळ्याच्या नथूला मी सहा वर्षं ओळखते, आणि त्यातलं पहिलं वर्ष त्याच्यावर ओरडण्यातच गेलं. आमच्या आरोग्य केंद्रात मी रक्त तपासायची. जे तिथे तपासता येत नसे ते नथू स्कूटरवरून वसईच्या प्रयोगशाळेत पोचवायचा.

त्याआधी तीस वर्षं त्याने मासळी वाहिलेली. त्यामुळे बर्फातलं आपल्यालाच कळतं हा ताठा. "बाई, माझा पापलेट बाजारात पोचला तरी डोला कसा चकचकीत!"

"हे पापलेट नाही रे बाबा! रक्त गोठलं की पेशी फुटतात, मग तपासणी बोंबलली. थंड हवं, गोठलेलं नको. नळी बर्फाला टेकवायची नाही, मध्ये पुठ्ठा."

कुरकुरत शिकला. पण शिकला तो असा की नंतर कित्येक वर्षं त्याची एकही नळी खराब म्हणून परत आली नाही.

गेल्या सप्टेंबरात तापाची साथ होती. त्याची बायको बायजा आमच्याकडेच दाखल झाली. सलाईन चालू होतं. डॉक्टरांना डेंगीचा संशय होता, खात्री नव्हती. कॅरल सिस्टरने रक्त काढलं तेव्हा बायजा नवऱ्याला म्हणाली, "मेल्या तापाचं नाव तरी कलू दे."

"सांजच्याला सांगतो," नथू म्हणाला.

त्या दिवशी बारा नळ्या होत्या. अकरा त्याने पेटीत नियमाने लावल्या. बायजाची मात्र घरच्या मासळीच्या डब्यात घेतली. उत्तम माल ठेवतात तशी, बर्फात पार गाडून, वर मूठभर मीठ, म्हणजे बर्फ आणखी गार. मी पाहिलं असतं तर हातातून हिसकावली असती. नाही पाहिलं.

चार वाजता फोन आला. अकरा ठीक, बायजाच्या नळीतलं रक्त गोठून फुटलंय, उद्या पुन्हा पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅरल सुई घेऊन गेली तर बायजाचा रक्तदाब खाली आलेला, शीर सापडेना. मोठ्या रुग्णालयात न्यायला गाडी मागवली. गाडी फाटकापर्यंत येईतो ती गेली.

रिपोर्ट आला असता तरी उपचार हेच होते, असं डॉक्टरांनी नथूला दोनदा सांगितलं. खरंच आहे ते. पण मृत्यूच्या कागदावर नुसतं 'ताप, निदान अनिश्चित' आलं, तेही खरंच.

तेराव्यानंतर तो कामावर आला आणि माझ्या टेबलासमोर बसला.

"बाई, बाकीच्या अकरा कशा चांगल्या ऱ्हायल्या?"

"नियमाने ठेवल्या होत्यास म्हणून."

"तिलाच जास्त जपली मी."

मी हातातली नळी खाली ठेवली.

"म्हंजे परक्यासारखी ठेवली असती, तर नाव कललं असतं?"

सहा वर्षं मी या माणसाला एकही गोष्ट गोड करून सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगावीशी वाटली, पण त्याला ते लगेच कळलं असतं.

"हो," मी म्हणाले.