बांधाखालची वाट

"शेट, याचं आता काय करतस?"

माझ्या दुकानाच्या पायरीवर मासळीची पाटी उतरवून ती रिकाम्या गोणीचा कोपरा दोन बोटांत धरायची आणि हे विचारायची. उत्तराची वाट पाहायची रीत तिच्यात नव्हती. मी तोंड उघडेपर्यंत गोणीची घडी होऊन तिच्या काखेत गेलेली असे. मी हाडाचा दुकानदार. फुकट हा शब्द ऐकला की माझा हात आधी गल्ल्यावर जातो. पण तुम्ही तिच्यासमोर उभे राहिला असतात तर तुम्हीही गोणी दिली असतीत, वर सुतळीही.

रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. एका टोकाला कोळीवाडा, दुसऱ्या टोकाला आगऱ्यांची भातशेती, आणि शेतीला खाऱ्या पाण्यापासून राखणारा मातीचा लांबलचक बांध. तो फुटला की जमीन दोन-तीन वर्षं उठत नाही. स्वातंत्र्यानंतर गावाने एक मंडळ काढलं. कुणाच्याही घरचं उरलंसुरलं, म्हणजे गोणी, बांबू, दोर, मोडक्या होडीच्या फळ्या, बंदराजवळच्या खोपीत आणून ठेवायचं आणि ज्याचं अडेल त्याला द्यायचं. नाव मंडळाचं, पण खोप तिची. सगळे तिला काकी म्हणत. किहीमला एका मुंबईकराच्या बंगल्यात लग्न होतं, तेव्हा नवरीची पाठवणी चालू असताना ही मागच्या बाजूने मांडवाचे दोर सोडत होती.

"ठेवलं तं कुजलं," असं ती म्हणायची. एखादी वस्तू खोपीत आठवडाभर पडून राहिली तर तिला अन्न गोड लागत नसे.

मंडळाचा एक नियम मात्र होता. पावसाळ्यात काही गोणी आणि बांबू बांधासाठी राखायचे. दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हा नियम दादाचा. दादा म्हणजे बांधाची देखरेख करणारा आगरी, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात निघाल्या. कोळणींना मिठासाठी गोणी हव्या होत्या, जाळ्यांना बांबू हवे होते. काकीने खोप उघडली आणि होतं नव्हतं ते वाटून टाकलं. मी म्हटलं, "काकी, दसरा यायचाय अजून."

"दर्याला नारल दिला ना, शेट. निवला आता तो."

कोळ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाची ती श्रद्धा. तिच्याशी वाद घालून मासळी कोण गमावणार?

पंधरवड्याने अमावास्या आली आणि दर्याने काही त्या नारळाची भीड ठेवली नाही. भर दुपारी उधाणाची भरती, वर सोसाट्याचा वारा. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरू लागलं. आरडाओरड ऐकून मी दुकान उघडं टाकून धावलो. दादा खोपीपाशी पोचला होता. त्याने दार ढकललं, तर आत एक फुटकी पाटी आणि थोडा काथ्या. भात पोटरीला आलं होतं, सगळ्या आगरआळीचं वर्षाचं पोट त्यावर होतं. काकी धापा टाकत आली, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा हात उगारतो.

"आजपासून बांधावर पाय ठेवू नको," तो म्हणाला आणि पळत मागे गेला.

मला तिचा रागही आला होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. ती वळली आणि थेट कोळीवाड्यात शिरली. आपल्या ओटीवरची मिठाची गोणी तिने अंगणात ओढली आणि भर पावसात उपडी केली. ताटात शितं राहिली तर पोरांवर डाफरणारी ही बाई. मोसमभराचं मीठ चिखलात विरघळत होतं. मग ती शेजारच्या ओटीकडे वळली, तशी शेजारीण दारात आडवी उभी राहिली. "आमचं शेत हाय का तिकडं?"

"शेत नाय. पन भाकर कोनाच्या तांदलाची खातस?"

शेजारीण दारातून बाजूला झाली. मग तिनेही आपली गोणी वाकवली.

गोणी आल्या, जाळ्यांचे बांबू आले. बाप्ये छातीभर पाण्यात खांडीत उभे होते. काकी बांधाच्या पायथ्याशी थांबली आणि चिखल भरून गोणी वर देऊ लागली. तिने एक पाऊल वर टाकलं नाही. दादा वर, ती खाली, मधे माणसांची रांग, आणि रांगेत मीही. दोनदा रचलेलं सगळं वाहून गेलं. नंतरचं टिकलं. ओहोटी लागली तेव्हा एका कोपऱ्यातलं भात गेलं होतं, बाकीचं उभं होतं.

झोडणी झाल्यावर आगऱ्यांनी मिठाच्या बदली कोळीवाड्यात घरोघर तांदूळ पोचवला. काकीच्या दारातही. पण दादाने शब्द मागे घेतला नाही, आणि तिने तो मोडला नाही. आगरआळीत जायची सरळ वाट बांधावरून. ती डोक्यावर पाटी घेऊन खालून, चिखलातून वळसा घालून जायची. खोप पुढेही तिनेच सांभाळली. दोघं माझ्या दुकानात समोरासमोर आली तरी बोलणं माझ्यामार्फत.

"शेट, तिला सांग, बांबू पायजेत."

"शेट, त्याला सांग, घेऊन जा."

एकदा मी वैतागून दादाला म्हटलं, अरे, एकदा ये म्हण ना तिला.

"मी काय तिला बांधून ठेवलंय?"

तिलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "शब्द त्याचा हाय. त्यानीच काढाया पायजे." असल्या दोन हट्टी माणसांपुढे मी हात टेकले. वर्षं गेली.

ती तापाने गेली. कोळ्यांचं मसण वाड्याच्या मागेच, हाकेच्या अंतरावर. तिरडी उचलली आणि दादा समोर येऊन उभा राहिला. आता तो काठी टेकत चालायचा.

"हिकडून नको. बांधावरून न्या."

ती अगदी उलटी वाट होती. सगळा बांध फिरून परत यायचं. कोळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिरडी बांधाकडे वळवली. पाऊस नुकताच थांबला होता. खांडीच्या जागी आलो तेव्हा दादाने काठी माझ्या हातात दिली आणि पुढे होऊन खांदा दिला. मी त्याच्या मागेच होतो. मान थोडी तिच्याकडे वळवून तो हळू आवाजात बोलत होता.

"काकी, जपून. हितं निसरडं हाय."