टोपलीतले फोन

किस्से गोळा करायला मी जात नाही. मी जातो फोन सांभाळायला. पण दुसऱ्यांचे फोन उचलत बसलं की किस्से आपोआप येऊन पडतात, आणि घरी सांगायला कोणी नसलं की साचत जातात.

शंकर नगरात एका सभागृहामागच्या खोलीत दर रविवारी काही मुलं-मुली जमतात. कोणी कॉलेजात, कोणी नुकतं नोकरीला लागलेलं. प्रत्येकाच्या घरी एक आजारी माणूस, आणि त्याचं सगळं करणारं हेच पोर. एका फिजिओथेरपिस्ट दीदींनी हा ग्रुप सुरू केला. पेशंटला उचलायचं कसं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत म्हणजे काय करायचं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र कुठे मिळतं, सगळं सांगतात. पण पहिल्या रविवारी कोणालाच काही ऐकू आलं नाही. सारखा कोणाच्या तरी घरून फोन!

दीदींनी पोळ्यांची टोपली माझ्यापुढे ठेवली. "काका, सगळ्यांचे फोन यात. तुम्ही व्हरांड्यात बसून उचला. खरंच काही झालं तरच दार वाजवा."

माझी बायको सुलभा त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली होती. ती अंथरुणावर होती तेव्हा तिला व्यायाम द्यायला याच दीदी घरी यायच्या. रविवार मोकळाच होता.

*

ग्रुपमधल्या रोहितच्या आजीला फारसं आठवत नाही. पण नातवाला फोन लावायला विसरत नाही.

"रोहित आहे काय?"

"आत आहे आजी. येईल थोड्या वेळानं."

"मंग तू कोन?"

"मी इथे फोन उचलतो."

"नोकरी पक्की आहे का कच्ची?"

"कच्चीच."

"अरे बाप्पा! मंग लग्न कसं जमन तुहं?"

"झालं आहे, आजी."

"झालं? मंग घरी जा ना! बायको वाट पाहत असन."

रोहितला मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीतच. पुढच्या रविवारी म्हणाला, "काका, मेरा नाम भूल जाती है. पर रोज़ पूछती है, वो कच्ची नौकरीवाला घर पहुँचा क्या!"

*

पेशंटला कुशीवर वळवायचं कसं, हे दाखवायला पेशंट हवा होता. मला टेबलावर आडवं केलं. खांद्याला रोहित, गुडघ्याला ग्रुपमधलीच पल्लवी. मी आपसूकच वळायला मदत करू लागलो.

"काका, थोड़ा और बीमार बनिए ना!"

मी अंग सैल सोडलं. गुडघा आधी वाकवायचा, एक हात खांद्यामागे, मग सावकाश आपल्याकडे. हे मला येत होतं. पण पलीकडच्या माणसाला ते कसं वाटतं, हे आत्ता कळत होतं.

"झालं काका, उठा," पल्लवी म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणालो.

*

एका रविवारी आजीचा फोन आलाच नाही. रोहितनं टोपलीतून मोबाइल घेतला, उलटसुलट पाहिला, आणि हातातला समोसा तसाच ठेवून घरी पळाला. आजी निवांत झोपली होती!

फोन आला तर कटकट, नाही आला तर धसका. सुलभा आतल्या खोलीतून मला मोबाइलवर रिंग द्यायची. मी पळी हातात घेऊनच धावायचो. "काय झालं?" "काही नाही." माझ्या फोनची रिंग अजून तीच आहे. वाजतच नाही, तर बदलायची कशाला?

*

सगळ्यांत जास्त फोन वानखेडे साहेबांचे. साहेब म्हणजे पल्लवीचे बाबा. पुरानी बस्तीत राहतात, रेल्वेतून रिटायर. उजवी बाजू लकव्यानं गेली, पण डावा हात फोनवर तयार!

"दारात कोनी तरी आलं. कोन आहे?"

"साहेब, मी शंकर नगरातून कसं सांगू?"

"मंग पल्लवीले विचारा!"

पल्लवीला आई नाही. कॉलेजच्या एकाही सहलीला ती गेली नव्हती, आणि आता शेवटची निघाली होती, दोन दिवस बस्तरला. तिचं ठरलेलं उत्तर, "मी नाही जात. धबधब्यापाशी बाबांचा फोन ऐकू तरी येईल काय?"

हे साहेबांच्या कानावर गेलं. "जा ना पोट्टे! मी काय पळून जाऊन राहिलो?"

मग सगळ्यांनी मिळून जमवलं. आजी दीदींच्या घरी, रोहित साहेबांजवळ, आणि मी सवयीप्रमाणे फोनवर. साहेबांना बजावलं, "पल्लवीला फोन करायचा नाही. काही लागलं तर मला."

"हव," ते कबूल झाले.

पहिल्या दिवशी मला एकही फोन नाही! संध्याकाळी आला तो पल्लवीचा.

"काका, बाबांचा फोनच नाही आला."

"मीच मनाई केली आहे."

"काहून केली? सगळ्या पोट्ट्या धबधबा पाहून राहिल्या, अन् मी फोन पाहून राहिली!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरणाला फोडणी देत होतो. फोन वाजला. पळी हातात घेऊन मी आतल्या खोलीच्या दारापर्यंत पोचलो, तेव्हा लक्षात आलं, फोन ओट्यावरच आहे.

वानखेडे साहेब.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही."

"पाणी हवं आहे का?"

"रोहितनं देल्लं."

"पल्लवीला लावून देऊ का?"

"नको, नको! पोट्टीची सुट्टी आहे."

"मग मला कशासाठी केला?"

"उचलता का नाही, पाहून राहिलो."

मी गॅस बंद केला. खुर्ची ओढून बसलो.

"उचलतो," म्हणालो. "ठेवा आता, आणि परत करा."

त्यांनी ठेवला. आणि लगेच वाजला!